टाचेचं दुखणं आणि ‘वाढलेलं हाड’

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या सिमेंटवर आठ तास उभा राहणारा असो की वडगावात मागापाशी उभी असणारी, टाच धरली की पहिल्यांदा रुईचं पान तेल लावून तव्यावर गरम होतं. मग बिब्बा. दवाखाना त्यानंतर.

घोळ तिथं सुरू होतो. एक्स-रे नवे होते तेव्हा, 1900 च्या सुमारास, टाचेच्या हाडाला दिसणाऱ्या टोकाला जर्मन वैद्यकात घोडेस्वाराच्या टाचेवरच्या काट्याचं नाव मिळालं. आपल्याकडे त्याचं ‘हाड वाढलंय’ झालं. खानापूरकडची मावशी पिशवीतून फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरते, “बघा की, केवढं वाढलंय!” पण असं टोक मुळीच न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं, वजन जास्त असेल तर अधिकच. दुखतो तो बहुतेक वेळा टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला पडदा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला येणारी कळ आणि टाचेच्या आतल्या बाजूला अंगठा दाबल्यावर होणारी वेदना, एवढ्यावर निदान सहसा होतं. फिल्म लागते ती हाडाला चीर गेल्याची शंका असेल तेव्हा.

‘पडद्याला सूज आलीय’ हा दुसरा गोंधळ. 2003 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेले पडद्याचे तुकडे तपासले, तर दाहापेक्षा झीजच दिसली. सूज उतरवायची स्टिरॉइडची सुई मात्र चालूच राहिली. तिनं काही आठवडे बरं वाटतं. पुन्हा पुन्हा घेतली तर पडदा फाटायची आणि टाचेची गादी विरायची भीती.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 30 च्या वर असणाऱ्यांत या दुखण्याची शक्यता 25 पर्यंतच्यांपेक्षा पाचपटीहून जास्त आढळली. हा आकडा सगळे सांगतात. घोटा ताठर असण्याचा धोका त्याहून मोठा निघाला होता, ते कुणी सांगत नाही. 2009 मध्ये भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा 25 वर आली, आणि “आधी वजन उतरवा, मग या” ऐकणारे वाढले. पाऊल टेकवत नाही त्यानं चालून वजन कसं उतरवायचं?

म्हणून 2014 च्या सुमारास पुढे आलेला व्यायाम मला जास्त पटतो. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, टाच सावकाश वर आणि सावकाश खाली, एक दिवसाआड. अभ्यासात एका गटानं हा व्यायाम केला, दुसऱ्यानं पडदा नुसता ताणायचा व्यायाम; तीन महिन्यांत पहिल्याला फरक जास्त पडला, वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच झाले. साखर असलेल्यांनी मात्र पायाला बधिरपणा नाही ना, हे आधी तपासून घ्यावं. बिब्ब्याचा चटका त्यांनाच कळत नाही.