पार्श्वभूमी: वाम्पानोआग कार्यशाळा वर्तमानकाळातच का बोलतात

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये शिक्षकांसाठी वाम्पानोआग या तिथल्या मूळनिवासी लोकांविषयी कार्यशाळा होतात. त्यांची मुळं १६२१ च्या मेजवानीत (इंग्रज वसाहतवाले आणि वाम्पानोआग यांच्या, पुढे ‘पहिलं थँक्सगिव्हिंग’ म्हणून गाजलेल्या) शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. त्या मेजवानीचं प्रत्यक्षदर्शी वर्णन म्हणजे एका पत्रातला जेमतेम परिच्छेदभर मजकूर: सुमारे ९० वाम्पानोआग पुरुष, ५ हरणं, ३ दिवस. आजच्या कार्यशाळांना वळण लागलं ते १९७० च्या दशकात.

१९७० साली पिलग्रिमांच्या, म्हणजे १६२० मध्ये आलेल्या त्या इंग्रज वसाहतवाल्यांच्या, आगमनाला ३५० वर्षं झाली. त्यानिमित्तच्या मेजवानीत एका वाम्पानोआग वक्त्याला बोलावलं होतं. आयोजकांनी भाषण आधी मागवलं, ते नाकारलं आणि स्वतःच दुसरं लिहून त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते वाचायला नकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी, पिलग्रिम जिथे वसले त्या प्लिमथमध्ये मूळनिवासींनी पहिला शोकदिन पाळला. तो आजही पाळतात.

याच दशकात तिथल्या खुल्या संग्रहालयात जुन्या धर्तीवर उभारलेल्या वाम्पानोआग वस्तीत मूळनिवासी कर्मचारी आले, आणि एक निर्णय पक्का झाला. पलीकडे तसंच उभारलेल्या इंग्रज गावात कलाकार सतराव्या शतकातले गावकरी बनून बोलतात. वस्तीतले कर्मचारी कातडी वस्त्रं घालतात, लाकडाचा ओंडका जाळून होडीही कोरतात, पण बोलतात ते आजची माणसं म्हणून. यावर आक्षेप असा की प्रेक्षकांचा रसभंग होतो. होऊ दे की! ‘तुम्ही लोक अजून आहात?’ हा प्रश्न तिथे सर्रास विचारला जातो, आणि सतराव्या शतकातली भूमिका वठवणारा माणूस त्याला उत्तर देऊच शकत नाही.

प्रश्न भाबडा वाटतो, पण न्यायालयानेही तोच विचारला होता. १९७६ मध्ये मॅशपी या गावच्या वाम्पानोआगांनी गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी दावा लावला. त्यासाठी आपण ‘जमात’ आहोत हे त्यांना सिद्ध करावं लागणार होतं. बॉस्टनमध्ये ४० दिवस सुनावणी चालली. ज्युरीपुढे ६ सालं ठेवली: त्या-त्या वेळी तुम्ही ‘जमात’ होता का? १८३४ आणि १८४२ ला होकार मिळाला. १७९०, १८६९, १८७० आणि १९७६ ला नकार. म्हणजे आधी नव्हते, मग झाले, मग पुन्हा नाहीसे झाले. साक्षी द्यायला मात्र तेच लोक समोर बसलेले! दावा बुडाला. पुढे अक्विना या दुसऱ्या वाम्पानोआग जमातीला १९८७ मध्ये आणि मॅशपीला २००७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारची जमात म्हणून मान्यता मिळाली. ‘वाम्पानोआग राहत असत’ हे वाक्य कार्यशाळेत का खपत नाही, हे यावरून कळावं.

१९९३ पासून वाम्पानोआग भाषा पुन्हा उभी करण्याचं काम सुरू झालं. आधार होता त्या भाषेत छापलेल्या १६६३ च्या बायबलचा आणि जुन्या दस्तऐवजांचा. २०१८ च्या राज्य अभ्यासक्रमात वाम्पानोआगांचा विषय तिसरीला आला. बॉस्टन परिसरातल्या मराठी मुलांच्या वाट्यालाही तो तिथेच येतो.

शाळांतले कागदी पिसांचे मुकुट आणि नकली पोशाख यांना आता फाटा दिला जातो. त्यांच्या जागी हातांनी करायचं काम येतं. मक्याची बाग घ्या. मातीचे उंचवटे करून मका लावायचा, तो वीतभर झाला की घेवडा, नंतर भोपळा. तिन्ही एकाच दिवशी पेरले तर घेवड्याचे वेल कोवळ्या मक्याला आडवं करतात. खतासाठी वसंतात नदीत चढणारी हेरिंग मासळी पुरायची परंपरा आहे, पण २००६ मध्ये राज्यात ती पकडायला बंदी आली (जमातीच्या सदस्यांना सूट आहे). त्यामुळे शाळांनी बाजारातली मासळी आणावी. ती खोल पुरावी, नाहीतर रकून (मांजराएवढा निशाचर प्राणी) रातोरात उकरून नेतात.

खरी अडचण वेळापत्रकाची. कार्यशाळांना मागणी नोव्हेंबरात, पेरणी मात्र मे महिन्यात, आणि पीक वाढतं ते उन्हाळी सुट्टीत. म्हणून तिसरीच्या मुलांनी पेरावं आणि चौथीत गेल्यावर सप्टेंबरात त्यांनीच कणसं काढावीत. मधले अडीच महिने पाणी कोण घालणार, हे मात्र पेरण्याआधीच ठरवून ठेवावं.