एकाच गाडीची दोन मोठी इंजिनं

शाळेत असताना सांगलीतल्या आमच्या घराजवळच्या गॅरेजमध्ये मी अँबॅसडरचं इंजिन उतरवताना पाहिलं. लोखंडी तिवईला चेन-पुली टांगली होती, तिच्या आकड्यात इंजिन अडकवलं होतं आणि दोन माणसं साखळी ओढत होती. इंजिनाचा भार जसजसा साखळीवर गेला, तसतसं गाडीचं नाक वर येत गेलं, चांगलं चार बोटं. मिस्त्री म्हणाले, "बीडाचा ब्लॉक आहे, इतका वेळ दाबून धरलं होतं त्यानं." बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि ब्लॉक म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा मुख्य ठोकळा. पुढे यंत्र अभियांत्रिकी शिकताना लक्षात आलं की जुन्या गाडीत मोठं इंजिन घालण्याचा अर्धा विषय त्या चार बोटांत होता.

अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं असलेलं ते १४८९ घनसेंटिमीटरचं पेट्रोल इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. त्याच घराण्यातलं थोरलं, १७९८ घनसेंटिमीटरचं इंजिन इंग्लंडमध्ये एका देखण्या स्पोर्ट्‌स कारमध्ये बसत होतं. ती एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. गाडी चपळ होती, पण ९५ अश्वशक्ती पुढे पुढे कमी वाटू लागली. मग याच गाडीत, थोड्या वर्षांच्या अंतरानं, दोन वेगवेगळी मोठी इंजिनं बसवली गेली. एकच गाडी, मूळ बदल इंजिनाचा. प्रयोगशाळेत आखून करावा तसा हा प्रयोग झाला, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

पहिलं इंजिन आलं १९६७ मध्ये. गाडीला नाव दिलं एमजीसी. एका ओळीत सहा सिलिंडर, २९१२ घनसेंटिमीटर, १४५ अश्वशक्ती. ब्लॉक बीडाचाच, त्यामुळे हे इंजिन मूळच्यापेक्षा सुमारे ९५ किलोनं जड होतं. शिवाय लांब. रेडिएटर पुढे सरकवावा लागला आणि बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. पुढचं सस्पेन्शन ज्या आडव्या क्रॉसमेंबरवर बसलेलं होतं, तोच इंजिनाच्या आड येत होता. तो काढून स्प्रिंगऐवजी पोलादी दांड्यांच्या पिळावर चालणारं टॉर्शन बारचं नवं सस्पेन्शन घालावं लागलं. गाडी सरळ रस्त्यावर सुरेख पळायची. वळणावर मात्र नाक जड असल्याची तक्रार मोटार-समीक्षकांनी केली आणि १९६९ मध्ये, नऊ हजारांच्या आसपास गाड्या झाल्यावर, उत्पादन थांबलं.

नाक जड होतं म्हणजे नेमकं काय होतं? दोघांनी बांबू खांद्यावर घेऊन त्याला लटकवलेली पाण्याची घागर नेताना आठवा. घागर पुढच्याच्या खांद्यापाशी सरकली की सगळा भार त्याच्यावर. ती त्याच्याही पुढे, बांबूच्या टोकाला गेली, तर मागच्याचा खांदा उलट हलका होतो. गाडीत हे दोन खांदे म्हणजे पुढची आणि मागची चाकं. एमजीबीमध्ये त्यांच्यातलं अंतर २.३१ मीटर आहे. समजा ९५ किलोचा जादा भार पुढच्या चाकांच्या रेषेच्या ४० सेंटिमीटर मागे पडला, तर त्यातले ७९ किलो पुढच्या टायरांवर येतील आणि १६ मागच्या. बरोबर रेषेवर पडला तर सगळे ९५ पुढे. रेषेच्या २० सेंटिमीटर पुढे पडला तर पुढच्या टायरांवर १०३ किलो वाढतील आणि मागची चाकं ८ किलोनं हलकी होतील. वजन तेच, हलली ती फक्त जागा.

यात टायरच्या स्वभावाची भर पडते. टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून त्याची रस्त्यावरची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. वळणावर जड नाकाला आत खेचायला लागणारं बल मात्र वजनाच्या प्रमाणात वाढतं. पुढचे टायर आधी हात टेकतात आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी बाहेरच्या अंगाला सरकू लागते. वळायला सुरुवात करतानाही वेळ लागतो. एक हातोडा घ्या. डोक्याजवळ धरून मनगट इकडून तिकडे फिरवा, मग दांड्याच्या टोकाला धरून तेच करा. वस्तू मध्यापासून जितकी लांब, तितकी ती फिरवणं आणि फिरलेली थांबवणं अवघड, आणि हा फरक अंतराच्या वर्गानं वाढतो. इंजिन म्हणजे गाडीतला सगळ्यात जड हातोडा.

दुसऱ्या इंजिनाची कथा अमेरिकेत सुरू होते. जनरल मोटर्सनं १९६० च्या सुमारास ब्यूकसाठी साडेतीन लिटरचं व्ही-८, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं, इंजिन केलं आणि त्याचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनिअमचा ओतला. बीडाची घनता ७.२, अ‍ॅल्युमिनिअमची २.७. इंजिनाचं वजन भरलं जेमतेम १४४ किलो. मऊ अ‍ॅल्युमिनिअम पिस्टन रिंगांचं घासणं सोसत नाही, म्हणून सिलिंडरला आतून बीडाचे लायनर, म्हणजे नळीसारखी अस्तरं, द्यावी लागतात. हे ओतकाम त्या काळी नीट जमत नव्हतं. ओतीव भागात बारीक छिद्रं राहायची, शिवाय रेडिएटरच्या पाण्यात योग्य द्रव्य नसेल तर धातू आतून खाल्ला जायचा. खर्च वाढला आणि १९६३ मध्ये कंपनीनं ते सोडून दिलं. विस्कॉन्सिनमधल्या मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिनं करणाऱ्या कारखान्यात ते रोव्हर कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रमुखाच्या नजरेस पडलं आणि १९६५ मध्ये रोव्हरनं त्याचे हक्क घेतले. तिथून पुढे ब्रिटनमध्ये त्यानं दीर्घ संसार केला. पहिल्या रेंज रोव्हरमध्येही तेच होतं.

हे इंजिन एमजीबीत बसेल, हे आधी ओळखलं ते कारखान्याबाहेरच्या माणसानं. केन कॉस्टेलो हे रेसिंगमधले चालक आणि तंत्रज्ञ १९७० च्या सुमारास स्वतःच्या कार्यशाळेत अशा गाड्या बांधून विकू लागले. ते पाहून एमजीबी बनवणारी कंपनी जागी झाली आणि १९७३ मध्ये तिनं स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. ३५२८ घनसेंटिमीटर, १३७ अश्वशक्ती. म्हणजे मूळ इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट आकार, आणि वजन त्या चार सिलिंडरच्या बीडाच्या इंजिनापेक्षा साधारण १८ किलोनं कमी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आकडा पुन्हा तपासून पाहिला होता. लांबीचाही प्रश्न मिटला, कारण व्ही आकारात चार-चार सिलिंडर दोन बाजूंना बसतात आणि इंजिनाची लांबी चार सिलिंडरएवढीच राहते. पुढच्या सस्पेन्शनचा मूळ आराखडा तसाच ठेवता आला. कॉस्टेलोंच्या गाड्यांत कार्बोरेटर इंजिनाच्या माथ्यावर असल्यामुळे बॉनेटला फुगवटा होता. कारखान्यानं कार्बोरेटर मागे नेले आणि बॉनेट सपाट ठेवलं.

पण वजन सुटलं की सगळं सुटलं असं नाही. इंजिनाची ताकद चाकापर्यंत ज्या वाटेनं जाते, त्या वाटेवरच्या प्रत्येक भागाला ती सोसावी लागते. इथे अश्वशक्तीपेक्षा टॉर्क महत्त्वाचा. टॉर्क म्हणजे पीळ, पान्यानं नट आवळताना मनगटाला जाणवतो तो. मूळ इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १४९ न्यूटन-मीटर, व्ही-८ चा २६२. म्हणजे पाऊणपट जास्त. क्लच, गिअरबॉक्स, मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस म्हणजे वळते सांधे, क्राउन-पिनियन ही मागची दातेरी चाकांची जोडी, शेवटी चाकं फिरवणारे मागचे हाफ शाफ्ट, सगळ्यांना हा पीळ झेलायचा. नवशिके नेमके इथे फसतात. इंजिन मापात बसतं आणि महिन्याभरात क्रॉस तुटतो.

अ‍ॅबिंग्डनच्या तंत्रज्ञांनी इथे काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मूळ गाडीत क्राउन-पिनियनचं प्रमाण ३.९ होतं, म्हणजे शाफ्टचे ३.९ फेरे झाले की चाकाचा एक. व्ही-८ मध्ये ते ३.०७ केलं. चाकाशी पोहोचणारा पीळ या प्रमाणानं गुणला जातो. प्रमाण उतरवल्यामुळे टॉप गिअरमध्ये हाफ शाफ्टवरचा पीळ पाऊणपट वाढण्याऐवजी ३७-३८ टक्क्यांनीच वाढला. शिवाय ताशी १०० किलोमीटरला जुनं इंजिन मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास फेरे घ्यायचं, तिथे नव्याला पावणेतीन हजार पुरले. आवाज कमी, झीज कमी. मोठ्या इंजिनाचा खरा आराम मला यातच दिसतो. वरच्या वेगातला लाभ माणसाला वाटतो तेवढा नसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो सोसायला लागणारी शक्ती घनानं. वेग १० टक्के वाढवायचा तर ३३ टक्के जादा शक्ती लागते.

वाढलेला वेग परत उतरवावाही लागतो. ताशी १६५ ऐवजी २०० किलोमीटरवरून थांबायचं तर ब्रेकना जवळजवळ दीडपट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. म्हणून व्ही-८ ला पुढे जाड डिस्क दिल्या. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा वाटा रेडिएटरमधून बाहेर टाकावा लागतो, म्हणून रेडिएटर पुढे सरकवून विजेवर चालणारे दोन पंखे लावले.

उरला प्रश्न जागेचा. मोठ्या इंजिनासाठी बॉनेटखाली जागा करण्याचं एक विलक्षण उदाहरण म्हणजे १९६४ ची सनबीम टायगर. सनबीम अल्पाइन या छोट्या गाडीत फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ घातलं होतं. ते इतकं दाटीवाटीनं बसलं की डाव्या बाजूचा शेवटचा स्पार्क प्लग बॉनेट उघडून काढताच यायचा नाही. बसायच्या जागेतून, इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून हात घालून तो बदलावा लागे, आणि एरवी त्या भोकाला रबरी बूच असे.

एमजीबीत अशी वेळ आली नाही, तरी व्ही आकाराची रुंदी छळतेच. सिलिंडर दोन बाजूंना कलले की एक्झॉस्टच्या नळ्या बाहेर पसरतात आणि एका बाजूची नळी थेट स्टिअरिंगच्या दांड्यापाशी येते. त्या नळ्या शेकडो अंश तापतात, आणि दांड्याच्या सांध्यातलं ग्रीस तेवढी उष्णता सहन करत नाही. जुन्या एमजीबीत व्ही-८ बसवणारे हौशी लोक सर्वाधिक वेळ या दीड-दोन इंचांच्या फटीवर घालवतात.

व्ही-८ बाजारात आली तेव्हा ऑगस्ट १९७३ चालू होता. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोल महागलं आणि साडेतीन लिटरच्या गाडीकडे वळणारी पावलं थांबली. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या झाल्या आणि तो अध्याय तिथे मिटला. पुढे १९९२ मध्ये जुनं एमजीबीचं शरीर पुन्हा घडवून एमजी आरव्ही-८ निघाली. तिच्यातही तेच रोव्हर घराण्याचं इंजिन होतं, आता ३.९ लिटरचं. या वेळी एक्झॉस्टच्या नळ्या इंजिनाच्या कप्प्यातून खाली नेल्याच नाहीत. दोन्ही बाजूंच्या आतल्या पत्र्याला भोकं पाडून त्या चाकांच्या कमानीत काढल्या, आणि स्टिअरिंगच्या दांड्याशेजारची ती चिंचोळी फट कायमची मोकळी झाली. आज जुनी एमजीबी घेऊन कामाला बसलेला माणूस बरेचदा पहिल्याच आठवड्यात पत्र्यावर खडूनं ती दोन भोकं आखतो.