शिरगणती नव्हे, घसरणीचा वेग

‘आता इतकेच उरले’ असा मथळा वाचला की वाटतं, ज्यांची संख्या कमी त्यांनाच धोका. आययूसीएन ही निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना; कोणत्या प्रजातीला किती धोका आहे हे सांगणारी तिची लाल यादी नीट पाहिली तर हा समज टिकत नाही. त्यासाठी मध्य आशियातला सैगा हा प्राणी आणि पिवळ्या छातीचा भारीट हा पक्षी ही जोडी पाहावी.

सैगा हरणासारखा दिसतो, पण तो समखुरी गणातल्या बोव्हिडी कुळातला, म्हणजे गाय-शेळीचा नातलग. हरणाची शिंगं हाडाची असतात आणि दरवर्षी गळतात. सैगाची गळत नाहीत आणि त्यांच्यावर केराटिनचं आवरण असतं. आपली नखंही केराटिनचीच. तरीही ‘औषधी’ म्हणून या शिंगांसाठी नर मारले गेले, ही शुद्ध अंधश्रद्धा. भारीट हा पॅसेरिफॉर्मिस गणातला, एम्बरिझिडी कुळातला गाणारा पक्षी. एकेकाळी फिनलंडपासून जपानपर्यंत त्याची वीण होत असे.

लाल यादीचा मला सर्वांत आवडणारा निकष घटीचा आहे. १० वर्षं किंवा तीन पिढ्या, यांतला जो काळ मोठा असेल, त्यात किती टक्के घट झाली ते पाहतात. ३० टक्के असेल तर असुरक्षित, ५० असेल तर संकटग्रस्त, ८० असेल तर अतिसंकटग्रस्त. म्हणून लाखोंनी असलेली प्रजातीही थेट वरच्या पायरीवर जाऊ शकते. भारिटाचं तेच झालं. १९८० ते २०१३ या काळात तो ८४ ते ९५ टक्क्यांनी घटला. २००४ पूर्वी त्याची कुणाला चिंता नव्हती, २०१७ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. स्थलांतरात हे पक्षी रात्री बोरूच्या बेटांत थव्याने उतरतात. एकूण संख्या घटली तरी थवा दाटच राहतो, त्यामुळे जाळं लावणाऱ्याला टंचाई जाणवत नाही. चीनमध्ये १९९७ पासून बंदी असूनही खाण्यासाठी ते पकडले जात राहिले.

सैगा २००२ मध्ये अतिसंकटग्रस्त होता. २०१५ मध्ये पाश्चुरेला जिवाणूने काही आठवड्यांत २ लाखांहून अधिक सैगा मारले. पण मादी पहिल्याच वर्षी माजावर येते आणि पुढे बहुधा जुळं देते. शिकार रोखली गेली, संख्या लाखोंवर गेली आणि २०२३ मध्ये तो थेट संकटसमीप, म्हणजे असुरक्षितच्याही खालच्या, गटात आला.

भारीट खालच्या पायरीवर आल्याची बातमी उद्या आली, तर मात्र आधी कारण पाहावं लागेल. त्याच्या तीन पिढ्या दहा-बारा वर्षांत होतात. तेवढा काळ घट नुसती थांबली, एकही पक्षी वाढला नाही, तरी या निकषावर तो खाली सरकू शकतो.