रेणू आत, पेशी तयार, फक्त लाईट पडायची बाकी

बडोद्यात नवरात्रात ग्राउंडवर जरा लवकर पोचलात तर बघा, लोक एकेक करून येत असतात, कोणी पास शोधतंय, कोणी चणिया-चोळी सावरतंय, आणि ढोल पडला की अख्खं वर्तुळ एकदम हलतं. आता समजा तुम्हाला मोजायचंय की ढोल वाजल्यावर पहिलं पाऊल पडायला किती वेळ लागतो. लोक गेटातून येतच असतील तर कसं मोजणार, आधी सगळे आत उभे पाहिजेत ना.

एखादा रेणू मिळाल्यावर पेशी किती वेळात कामाला लागते हे मोजणाऱ्यांची हीच पंचाईत होती. बाहेरून रेणू टाकला तर तो पसरत पसरत पोचणार, आणि पेशीतली कामं मिलिसेकंदांत उरकतात. त्यात एटीपीवर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर, एवढा निगेटिव्ह चार्ज की तो पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतच नाही. मग १९७८ साली कॅप्लन, फोरबुश आणि हॉफमन या तिघांनी एटीपीच्या शेवटच्या फॉस्फेटला नायट्रोबेन्झिल जातीचा एक ग्रुप, म्हणजे अणूंचा गट, चिकटवला, थ्री-पिन प्लगच्या एका पिनवर टेप गुंडाळावी तसा, आणि तो एटीपी तांबड्या पेशींच्या 'घोस्ट'मध्ये भरला, म्हणजे हिमोग्लोबिन काढलेली पिशवी, पण पडद्यावरचा सोडियम पंप शाबूत. हा पंप एका एटीपीमागे ३ सोडियम बाहेर टाकतो नि २ पोटॅशियम आत घेतो, पण टेपवाला एटीपी समोर असून ढिम्म. अल्ट्राव्हायोलेट पाडला, टेप सुटली, पंप सुरू!

असंच काम एंगेल्स आणि श्लेगर यांनी १९७७ मध्येच सायक्लिक एएमपीवर, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या रेणूवर, केलं होतं, पण अशा टेपवाल्या रेणूंना चिकटलं ते कॅप्लनवाल्यांचं 'केज्ड', म्हणजे पिंजऱ्यातला, हे नाव. मला ते पटत नाही. पिंजरा-बिंजरा काही नसतो, रेणू उघडाच असतो, फक्त त्याचं कामाचं टोक झाकलेलं.

टेप सुटते कशी ते भारी आहे. नायट्रो ग्रुपने प्रकाश गिळला की त्याचा ऑक्सिजन शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो, मग सगळी जुळवाजुळव बदलते आणि एटीपीला धरून ठेवलेला बॉण्ड तुटतो. मागे राहतो तो नायट्रोसो कचरा, आणि तो कचरा गप्प बसत नाही, प्रोटीनच्या सल्फरला जाऊन चिकटतो, म्हणून ग्लुटाथायोनसारखं सल्फरवालं काहीतरी आधीच घालून ठेवतात, त्याला चिकट बाबा म्हणून.

दुसरी कटकट म्हणजे अल्ट्राव्हायोलेट स्वतःच. डीएनएला बाधतो आणि मांसात खोल जातही नाही. मागच्या उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, रात्री बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या गच्चीवर तुक्कल, म्हणजे पतंगाच्या दोरीला बांधलेले कंदील, बघताना भाच्याने मोबाईलची टॉर्च तळहाताला दाबली आणि ओरडला, मामा, हात लाल झाला! पांढऱ्या लाईटमधला निळा-हिरवा भाग रक्ताने खाल्ला, लाल तेवढा पार झाला. म्हणजे खोल जायचं तर लालच हवा, पण लाल फोटॉनमध्ये, म्हणजे लाल प्रकाशाच्या एका कणात, दम कमी, या टेपचा बॉण्ड तुटत नाही. काही केमिस्ट मंडळींनी यावर टेपच बदलली, कुमरिन नावाच्या रंगाची निळ्या प्रकाशात सुटते, बोडिपी नावाच्या रंगाची हिरव्यात, आणि पुढे लाल प्रकाशात सुटणाऱ्याही बनवल्या.

दुसरा उपाय म्हणजे एकाच क्षणी दोन लाल फोटॉन एकाच टेपवर आदळवायचे, दोघांचा दम मिळून पुरतो. हे फक्त लेझरच्या अगदी फोकसवरच जमतं, बाकी वाटेत काहीच होत नाही, त्यामुळे जागाही बोट ठेवून निवडता येते. २००१ मध्ये जपानच्या हारुओ कासाईंच्या ग्रुपने ७२० नॅनोमीटरच्या लेझरने मेंदूतल्या न्यूरॉनच्या एकेका काट्यावर टेपवाल्या ग्लुटामेटची टेप सोडवून ग्लुटामेट, म्हणजे न्यूरॉनमध्ये निरोप पोचवणारा रेणू, सोडलं, काटा म्हणजे फांदीवरचा जेमतेम मायक्रॉनभराचा फुगवटा. २००४ मध्ये एकाच काट्यावर परत परत सोडत राहिले, तर तेवढाच काटा फुगला, शेजारचे होते तसेच.