अमेरिकेतील टिप

अमेरिकेत बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये वेटरला बिलाच्या १५ ते २० टक्के टिप देण्याची रूढी आहे. कायद्याने ती सक्तीची नाही. तरीही परक्या देशातून आलेल्या प्रवाशाने तिला खुशीची बक्षिशी समजू नये, कारण वेटरच्या कमाईचा मोठा हिस्सा टिपमधूनच येतो.

संघराज्याच्या कायद्यानुसार किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. टिप मिळणाऱ्या कामगाराला मात्र मालकाने २.१३ डॉलर दिले तरी चालतात. बाकीचे टिपमधून भरून निघतील असे धरलेले असते. न निघाल्यास फरक मालकाने द्यायचा. ही मुभा १९६६ च्या दुरुस्तीने मिळाली आणि २.१३ चा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही, हे खटकल्याशिवाय राहत नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा अशा काही राज्यांत टिप न धरता पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. टिपची अपेक्षा तिथेही असतेच.

या प्रथेचा इतिहास क्लेशकारक आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष पोर्टर, म्हणजे प्रवाशांची सेवा करणारे नोकर, म्हणून नेमले. पगार तुटपुंजा, गुजराण प्रवाशांच्या टिपवर. १९२५ मध्ये कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांची संघटना उभी राहिली आणि १९३७ मध्ये कंपनीला तिच्याशी करार करावा लागला. त्याआधी वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर बंदी घातली होती. ती चारच वर्षांत उठली.

कार्डाने पैसे देताना पावतीवर टिपची रक्कम आणि एकूण बेरीज स्वतः लिहून सही करतात. टक्केवारी विक्रीकर वगळून काढली तरी चालते. सहा-आठ जणांच्या गटाच्या बिलात ‘ग्रॅच्युइटी’ म्हणजे टिप बरेचदा आधीच लावलेली असते, म्हणून बिल नीट वाचावे. टॅक्सीचालकालाही १५ ते २० टक्के, बारमध्ये पेयामागे आणि हॉटेलात सामान उचलणाऱ्याला नगामागे एक-दोन डॉलर देतात. सर्वांत जास्त विसर पडतो तो खोली आवरणाऱ्या कामगारांचा. त्यांच्यासाठी दर दिवशी दोन ते पाच डॉलर ठेवावेत; शेवटच्या दिवशी एकदम ठेवल्यास आधी राबलेल्याला काहीच मिळत नाही. काउंटरवरून खाद्यपदार्थ घेताना पडद्यावर टिपचे पर्याय येतात, तिथे नकार दिला तरी गैर नाही.

सेवा वाईट वाटली तर व्यवस्थापकाशी बोलावे. कर्मचाऱ्यांची टिप मालकाने किंवा व्यवस्थापकाने स्वतःकडे ठेवण्यास २०१८ पासून संघराज्याच्या कायद्यात स्पष्ट मनाई आहे.