अ‍ॅम्बॅसेडरच्या क्लचमधला कार्बन

जुनी अ‍ॅम्बॅसेडर, किंवा मॉरिस मायनर, एमजीबी अशी जुनी ब्रिटिश गाडी सांभाळणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: "क्लचमधलं ते कार्बनचं बेअरिंग काढा हो, बॉल बेअरिंगवालं टाका, कायमची कटकट मिटेल." ऐकायला पटतं. एकीकडे चकचकीत पोलादी गोळ्या, दुसरीकडे काळी, कोळशासारखी दिसणारी कडी. पण त्या कडीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे.

क्लच दाबला की फोर्क, म्हणजे पेडलने हलणारी दुटोकी दांडी, हे बेअरिंग पुढे ढकलतो आणि ते प्रेशर प्लेटच्या (क्लचप्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) मधोमध असलेल्या चकतीवर टेकतं. फोर्क फिरत नाही, चकती इंजिनाबरोबर फिरत असते. आजच्या गाड्यांत या दोघांच्या मध्ये बॉल बेअरिंग असतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सीरिज इंजिनाच्या गाड्यांत, म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, तिच्यावरून घेतलेली आपली १४८९ सीसीची अ‍ॅम्बॅसेडर आणि एमजीबी, धातूच्या वाटीत घट्ट बसवलेली ग्राफाइटची कडी असते. ती थेट चकतीवर घासते. तेल नाही, ग्रीस नाही.

किती घासते? कडीचा सरासरी व्यास ५ सेंमी धरला, तर एका फेऱ्याला साधारण १५.७ सेंमी. अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. म्हणजे सिग्नलला गिअर टाकून, क्लच दाबून मिनिटभर थांबलात की कडी भाराखाली सव्वाशे मीटर घासली! कोरडी कडी हे सोसते कशी?

शाळेतलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ग्राफाइटमध्ये कार्बनचे थर असतात. एका थरातले शेजारी अणू ०.१४२ नॅनोमीटरवर, घट्ट बांधलेले. दोन थरांमधलं अंतर मात्र ०.३३५ नॅनोमीटर आणि ओढ कमजोर. म्हणून थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सरकतात. परीक्षेत याला पूर्ण मार्क मिळतात, पण उत्तर अर्धंच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानं खूप उंचावरून उडू लागली आणि त्यांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागावर घासत वीज वाहून नेणारे ग्राफाइटचे ठोकळे, भराभर झिजू लागले. जमिनीवर महिनोन्‌महिने टिकणारे ब्रश वर गेल्यावर काही तासांत भुकटी होत. थर तर तेच होते, मग बिघडलं काय? जनरल इलेक्ट्रिकमधल्या आर. एच. सॅव्हेज यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचा उलगडा झाला. निर्वात जागेत ग्राफाइट निसरडं राहत नाही. घर्षण वाढतं आणि त्याची धूळ होते. किंचित पाण्याची वाफ आत सोडली की ते पुन्हा गुळगुळीत चालू लागतं.

कारण थरांच्या कडांमध्ये आहे. थराच्या मधल्या अणूंचे तीनही शेजारी जागेवर असतात, पण काठावरच्या अणूचा एक हात मोकळा राहतो. घासताना थर फाटतात, असे मोकळे हात वाढतात आणि समोर जे मिळेल त्याला धरतात. घर्षण वाढतं ते इथे. हवेतली वाफ या काठांवर चिकटून मोकळे हात गुंतवून ठेवते. आता थर खरोखरच सरकू शकतात. उंचावर हवा विरळ असतेच, शिवाय अतिशय कोरडी असते, म्हणून ब्रश गेले. मोलिब्डेनम डायसल्फाइड दिसायला ग्राफाइटचाच भाऊ, तोही थरांचाच, पण वागणं उलटं: निर्वातात तो उत्तम चालतो, म्हणून उपग्रहांत त्याला मान. दमट हवेला शिव्या घालणाऱ्या मुंबईकरांच्या गाडीतली कडी त्याच हवेवर सुखात असते.

(हल्ली इंजिन ऑइलपासून कार पॉलिशपर्यंत सगळ्यावर 'ग्राफीन' छापलेलं असतं. ग्राफीन म्हणजे या ग्राफाइटचाच एक सुटा थर. डब्यावर नाव आहे म्हणून डब्यात तो किती आहे, हे कळत नाही.)

आता बॉल बेअरिंगकडे. या गाड्यांत बेअरिंगला सरळ रेषेत नेणारी नळी नसते. ते फोर्कच्या टोकांत अडकवलेलं असतं आणि फोर्क खिळ्याभोवती वळतो, त्यामुळे बेअरिंग कमानीत सरकतं आणि त्याचा मध्य चकतीच्या मध्यापासून थोडा ढळतो. कडीला याचं काही नाही. ती मुळातच घासणारी, जराशी बाजूला घासेल. बॉल बेअरिंगची फिरणारी बाजू मात्र चकतीबरोबर फिरायला जाते आणि मध्य जुळत नसल्याने घसटतही राहते. काहींच्या गाडीत असं किट चालतं, पण 'कायमची कटकट मिटेल' हे खरं नाही. शिवाय प्रेशर प्लेट चकती नसलेली, उघड्या बोटांची (मध्याकडे आलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांची) बसवली असेल, तर तिथे कडी चालायचीच नाही. बोटं ती कुरतडून टाकतील. आधी प्रेशर प्लेट कुठली आहे ते पाहा, मग बेअरिंग ठरवा.

माल शोधायला पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस, दिल्लीत काश्मिरी गेट आणि अ‍ॅम्बॅसेडरसाठी अर्थातच कोलकात्याचा मल्लिक बाजार. नव्वदच्या दशकात आलेल्या १८१७ सीसी इसुझू इंजिनाचा भाग गळ्यात पडणार नाही, एवढं बघा. वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिलेला जुना माल कार्बनचा असेल तर बिनधास्त घ्या, तो शिळा होत नाही. बंद बॉल बेअरिंगमधलं ग्रीस मात्र सुकतं. नामांकित कंपन्यांच्या नकली बेअरिंगांचा धंदाही जोरात आहे, तेव्हा खोक्यावर भाळू नका.

कडी हातात घेऊन उजेडात फिरवा. केसासारखी चीर दिसली तर परत करा. अंगठ्याने दाबून वाटीत हलते का ते पाहा. काठापासून कडी किती वर आहे ते जुन्या झिजलेल्या कडीशेजारी ठेवून बघा. हीच तुमची शिल्लक. कडी संपली की वाटीचा धातू चकतीला लागतो आणि क्लच दाबताच किंचाळी ऐकू येते. फोर्कला धरणाऱ्या स्प्रिंग क्लिपा नव्याच लावा. कडीला ग्रीस लावायचा मोह आवरा, कारण त्यात काळी भुकटी कालवून लगदा होतो आणि तो उडून क्लचप्लेटवर बसतो. आणि चकतीवरून नख फिरवा. खाच लागली तर चकतीही बदला, नाहीतर नवी कडी त्या खाचेत महिन्याभरात झिजेल.