रक्ताचं विरजण

ज्या घरात रोज दही लागतं तिथे भांडं पार निपटून कुणी खात नाही. चमचाभर मागे ठेवतात. त्या चमच्यावर उद्याचं दही, उद्याच्या चमच्यावर परवाचं. स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, समजावून सांगताना मला याहून जवळचं उदाहरण सापडलेलं नाही. रक्ताची मूलपेशी विभागली की तिच्या काही लेकी कामाला लागतात: कुणी तांबडी पेशी होते, कुणी पांढरी, कुणी प्लेटलेट घडवते. काही मात्र आईसारख्याच कोऱ्या राहतात. तेच विरजण. ज्या पेशीला ही दोन्ही कामं जमतात तीच मूलपेशी.

तिची गरज किती मोठी आहे पाहा. रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस. ही झीज भरून काढायला आपलं शरीर सेकंदाला 20 लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी बनवतं. एवढं वाक्य वाचेपर्यंत कोटीच्या घरात गेल्या.

हे सगळं चालतं हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत. मटणाच्या रश्श्यातली नळी ठोकून खाल्ली असेल, तर मज्जा तुम्ही पाहिलेली आहे. पण मोठ्या माणसाच्या हातापायांच्या हाडांत बहुतेक पिवळी, चरबीची मज्जा उरते. रक्त बनवणारी लाल मज्जा असते कमरेच्या हाडात, छातीच्या हाडात, बरगड्यांत, मणक्यांत. म्हणून दात्याची मज्जा काढायची तर भूल देऊन कमरेच्या हाडातून, मागच्या बाजूने सुईने काढतात. ‘पाठीच्या कण्यातून काढतात आणि माणूस लुळा पडतो’ ही भीती इतक्या घरांत ऐकू येते की ती खोटी आहे हे ठणकावून सांगायला हवं.

अशा पेशी खरंच असतात हे दाखवलं कॅनडातल्या टोरांटोमध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी. एक भौतिकशास्त्रज्ञ, दुसरा डॉक्टर. त्यांनी उंदरांना इतका किरणोत्सर्ग दिला की त्यांची मज्जा मरावी, आणि मग दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी शिरेतून सोडल्या. दहाएक दिवसांनी पाहिलं तर प्लीहेवर, म्हणजे पानथरीवर, बारीक गाठी उठल्या होत्या. जितक्या पेशी जास्त सोडल्या, तितक्या गाठी जास्त. दुसऱ्या कुणी त्या बाजूला सारल्या असत्या. या दोघांनी त्या मोजल्या. 1961 मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि 1963 पर्यंत सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवून दिलं की एकेक गाठ एकाच पेशीपासून उगवलेली असते. एका पेशीतून तांबड्या, पांढऱ्या अशा वेगवेगळ्या वंशावळी. मला हा प्रयोग फार आवडतो. त्यात आहे ती फक्त चिकाटीची मोजदाद.

आता औषधाकडे. घरातलं विरजण बिघडलं तर काय करतो? भांडं उकळून घेतो आणि शेजारून चमचाभर आणतो. रक्ताच्या कर्करोगात किंवा थॅलेसेमियात, म्हणजे जन्मापासून रक्त नीट न बनण्याच्या आजारात, बोन मॅरो ट्रान्सप्लांट (मज्जेचं प्रत्यारोपण) करतात ते हेच. रुग्णाला आधी काही दिवस जबर केमोथेरपी देऊन जुनी मज्जा संपवतात. मग दात्याच्या मूलपेशींची पिशवी लावतात, रक्ताची लावतात तशीच. ऑपरेशन नाही, टाके नाहीत; नातेवाईक विचारतात, ‘झालं? एवढंच?’ शिरेतून गेलेल्या पेशी वाहत वाहत हाडांपर्यंत पोचतात आणि तिथेच थांबतात. कठीण काळ त्यानंतरचा. नवं रक्त तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रुग्ण गाळलेल्या हवेच्या बंद खोलीत असतो, आणि बाहेर बसलेल्यांचा रोज सकाळी एकच प्रश्न: ‘काउंट आले का?’ म्हणजे, रक्तपेशींचे आकडे वाढू लागले का?

धोके खरे आहेत. दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू शकतात. पण सगळं जुळून आलं तर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगटही दात्याचा होतो. बहिणीने दिलेल्या पेशींवर जगणाऱ्या भावाच्या रक्तात स्त्रीची गुणसूत्रं सापडतात. हा मार्ग अमेरिकी डॉक्टर डॉनल थॉमस यांनी 1950 च्या दशकापासून घासूनपुसून वापरण्याजोगा केला. 1990 चं नोबेल त्यासाठी त्यांना मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 1983 साली पहिलं प्रत्यारोपण झालं.

दुसरं उदाहरण डोळ्याचं. तंबाखूसोबतच्या चुन्याची पुडी लहान मुलाच्या हातात फुटते आणि चुना डोळ्यात जातो. बुबुळाच्या काठावर मूलपेशींची एक कडा असते. ती जळली की पारदर्शक पडदा दुरुस्त होत नाही, पांढरा पडत जातो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने यावर सोपी शस्त्रक्रिया बसवली. चांगल्या डोळ्याच्या काठाचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर पसरलेल्या गर्भावरणाच्या पातळ पापुद्र्यावर ते पेरायचे.

दोन्हीकडे पेशी आपल्याच घरी परतली आहे हे लक्षात घ्या. रक्ताची रक्तात, डोळ्याची डोळ्यात. दह्याच्या विरजणाने दहीच लागतं. जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये चार जनुकं घालून उंदराच्या साध्या पेशीला भ्रूणपेशीसारखं कोरं करून दाखवलं, त्यांना 2012 चं नोबेल मिळालं, आणि त्या वाटेवर डोळ्यापासून पार्किन्सनपर्यंत चाचण्या चालू आहेत. ते काम थोर आहे. पण त्याचा आधार घेऊन ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह, गुडघेदुखी अशा सगळ्यांवर एकच ‘स्टेम सेल थेरपी’ विकली जाते, तेव्हा मला राग येतो, कारण गिऱ्हाईक होतात ते हताश आईबाप. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची भूमिका स्पष्ट आहे: रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर बाकी सगळं संशोधन, आणि ते मंजूर चाचणीतच व्हायला हवं. बाळाच्या नाळेचं रक्त खासगी बँकेत स्वतःसाठी साठवण्याची शिफारसही परिषद करत नाही. बाळाला थॅलेसेमिया असेल तर दोष नाळेतही असणारच.

सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, गोष्ट मात्र आपल्या अगदी जवळची. नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत, गडचिरोलीच्या गोंड-माडियांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने त्यावर नवा उपचार मंजूर केला: रुग्णाच्याच मूलपेशी काढायच्या, जनुकात बारीक काट मारून गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचं आणि त्या परत द्यायच्या. अमेरिकेत 2023 मध्ये त्याची किंमत 22 लाख डॉलर ठरली. नंदुरबारमधल्या धडगावच्या घराला त्याचा आज काहीच उपयोग नाही.

मग उरतो दाता. त्याच्या पेशींच्या ओळखखुणा रुग्णाशी जुळाव्या लागतात, आणि सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नाहीच जुळलं तर परका दाता शोधावा लागतो, आणि तो बहुधा आपल्याच वंशाच्या लोकांत सापडतो. न्यू जर्सीतल्या मराठी मुलासाठीसुद्धा. दाता म्हणून नोंदणीला गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की झालं. पुढे कधी जुळलंच, तर बहुतेक वेळा सुईने मज्जा काढावी लागत नाही: मूलपेशी रक्तात उतरवणारी इंजेक्शनं चार-पाच दिवस घ्यायची आणि काही तास हाताच्या शिरा यंत्राला जोडून पडून राहायचं. दात्याची भरपाई थोड्याच आठवड्यांत होते.